ग्रबमध्ये चालणारा कीबोर्ड लॉगिनला का मरतो? लिनक्स कर्नलमध्ये कीबोर्ड-माउसचे ड्रायव्हर नीट लावायची पद्धत

दिवाळीच्या सुट्टीत हौस आली म्हणून जुन्या डेस्कटॉपवर स्वतः कर्नल (लिनक्सचा गाभा, जो हार्डवेअर चालवतो) कंपाइल करायला घेतला. मशीन आतल्या खोलीत, मी हॉलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचं टर्मिनल वापरून) आत शिरलेली, मेक झालं, मॉड्यूल्स (कर्नलचे लागेल तेव्हा लोड होणारे तुकडे, बरेच ड्रायव्हर असेच असतात) इन्स्टॉल झाले, ग्रब (मशीन सुरू होताना कुठला कर्नल चालवायचा ते विचारणारा मेनू) अपडेट झालं, सगळं कसं एकदम झक्कास. मग उठून आत गेले, कीबोर्ड लावला, रीबूट केलं, ग्रबच्या मेनूत बाण मस्त खालीवर होतायत, नवीन कर्नल निवडला, अक्षरं सरसर वर गेली, लॉगिन आलं आणि कीबोर्ड मेला. कॅप्स लॉक दाबला तर दिवासुद्धा लागेना. दुसऱ्या पोर्टात घातला, मागच्या पोर्टात घातला, फुंकर मारून घातला. भाऊ म्हणाला उडाला असेल, नवीन घे, आणि त्याने रात्रीच एक मेकॅनिकल कीबोर्ड ऑर्डरही करून टाकला (त्याची वेगळी कथा पुढे येतेय).

कीबोर्डला काहीही झालं नव्हतं, चूक माझीच होती. कॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) बनवताना मी 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' वापरलं होतं. ते काय करतं, तर त्या क्षणी जे मॉड्यूल लोड झालेले आहेत तेवढेच ठेवतं आणि बाकीच्यांना कात्री लावतं. आणि त्या क्षणी डेस्कटॉपला कीबोर्ड लावलेलाच नव्हता, मी तर हॉलमध्ये बसले होते! म्हणजे यूएसबीएचआयडी (यूएसबी कीबोर्ड-माउसचा ड्रायव्हर) लोड नाही, म्हणून तो कॉन्फिगमध्ये नाही, म्हणून नव्या कर्नलमध्ये नाही. तर नियम पहिला, लोकलमॉडकॉन्फिग चालवायच्या आधी घरातलं जे जे कधी लागणार आहे ते सगळं लावून ठेवा, कीबोर्ड, माउस, वायरलेसचा डोंगल, सगळं.

मग ग्रबमध्ये का चालत होता? कारण तिथे कीबोर्ड कर्नल चालवत नाही, मदरबोर्डचं फर्मवेअर चालवतं, बायोस म्हणा किंवा यूईएफआय म्हणा. कर्नल आला की तो यूएसबी पोर्ट सांभाळणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, आपल्या ताब्यात घेतो आणि तिथून पुढे त्याच्याकडे स्वतःचा ड्रायव्हर असेल तर ठीक, नाहीतर राम राम. त्यामुळे ग्रबमध्ये चालतोय आणि पुढे नाही असं असेल तर कीबोर्ड, केबल, पोर्ट तिन्ही बहुतेक ठीक आहेत, दुकानात जाऊ नका.

एक आधीच सांगते, कमांड, फाइली आणि पर्यायांची नावं मी इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितेय, टर्मिनलमध्ये नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाकायची. उदाहरणं उबुंटू-डेबियनच्या सवयीने आहेत, वेगळं असेल तिथे सांगेन.

आधी साखळी समजून घ्या

कीबोर्डचा ड्रायव्हर म्हणजे एक फाइल असं आपल्याला वाटतं, पण ती साखळी असते. यूएसबी कीबोर्डचं घेतलं तर सगळ्यात खाली यूएसबी होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर, आजकालच्या मशीनवर एक्सएचसीआय. त्यावर यूएसबीएचआयडी. त्यावर एचआयडी-जेनेरिक (साध्या कीबोर्ड-माउसना चालणारा) किंवा त्या कंपनीचा खास ड्रायव्हर. मग कर्नलचा इनपुट कोअर आणि त्यातून बाहेर पडायचं दार म्हणजे इव्हडेव्ह, ज्यामुळे /डेव्ह/इनपुट/ मध्ये इव्हेंट० इव्हेंट१ अशा फाइली दिसतात. त्याच्या पुढचं सगळं, म्हणजे लिबइनपुट, वेलँड, तुमचा डेस्कटॉप, ते कर्नलच्या बाहेर.

लॅपटॉपच्या आतला कीबोर्ड बऱ्याचदा यूएसबी नसतोच. तो अजूनही आय८०४२ नावाच्या ड्रायव्हरवरून येतो, आणि ही ८०४२ म्हणजे इंटेलची ती चिप जी १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये कीबोर्डसाठी होती. नवा कोरा लॅपटॉप घ्या आणि त्याच्या पोटात चाळीस वर्षं जुना सरकारी बाबू अजून खुर्चीवर बसलेला असतो, कीबोर्डचा इंटरप्ट (बटण दाबलं की कर्नलला दिलेली हाक) १, माउसचा १२, पोर्ट ०x६० आणि ०x६४, काहीही बदललं नाही. याच्यावर कीबोर्डसाठी एटीकेबीडी आणि माउस/जुन्या टचपॅडसाठी पीएसमाउस. नवीन टचपॅड मात्र बहुतेक आय२सी (मशीनच्या आतल्या चिप्सना जोडणारी वायर) वरून येतात, त्यांचं गणित वेगळं आणि जास्त डोकेदुखीचं.

कुठली कडी तुटलीय हे बघायला तीन गोष्टी पुरतात. 'एलएसयूएसबी -टी' मारा, झाडासारखं चित्र येतं आणि प्रत्येक डिव्हाइससमोर ड्रायव्हरचं नाव येतं. माझ्या केसमध्ये कीबोर्डच्या ओळीत क्लास ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस बरोबर दिसत होता आणि ड्रायव्हरची जागा रिकामी, म्हणजे कंट्रोलरपर्यंत वायर पोचली, पुढे माणूस नाही. डिव्हाइसच यादीत नसेल तर मग कंट्रोलरकडे बघा. दुसरं, 'कॅट /प्रॉक/बस/इनपुट/डिव्हायसेस', इथे नाव आलं म्हणजे ड्रायव्हरने काम केलंय, आणि त्या खाली हँडलर्स अशी ओळ असते तिथे इव्हेंटचा नंबर मिळतो. तिसरं 'सुडो इव्हटेस्ट', त्यात तो नंबर निवडून बटणं दाबा. इव्हटेस्टमध्ये बटण उमटतंय आणि डेस्कटॉपवर नाही, तर कर्नलला हात लावू नका, दोष वरच्या मजल्यावर आहे. (हे सगळं करायला चालता कीबोर्ड लागतो हे मलाही कळतं, म्हणून एसएसएच आधी चालू करून ठेवा आणि जुना कर्नल ग्रबमधून उडवू नका.)

मेनूकॉन्फिगमध्ये काय काय लागतं

'मेक मेनूकॉन्फिग' उघडलं की मेनूत फिरत बसू नका, स्लॅश दाबा, पर्यायाचं नाव टाका, निकालात बाजूला आकडा येतो तो दाबला की थेट तिथे. यूएसबी कीबोर्ड-माउससाठी हे हवंच: कॉन्फिग_यूएसबी_एक्सएचसीआय_एचसीडी (जुन्या मशीनला ईएचसीआय, आणि ओएचसीआय किंवा यूएचसीआयसुद्धा), कॉन्फिग_यूएसबी_एचआयडी, कॉन्फिग_एचआयडी_जेनेरिक आणि कॉन्फिग_इनपुट_इव्हडेव्ह. लोक बरोबर यूएसबी एचआयडी लावतात आणि एचआयडी जेनेरिक विसरतात, मग मॉड्यूल लोड दिसतो तरी कीबोर्ड गप्प.

इथे एक सापळा आहे. यूएसबी_केबीडी आणि यूएसबी_माउस अशा नावाचे पर्याय पण असतात, नाव वाचून वाटतं हेच तर हवंय. नकोय! ते बूट प्रोटोकॉलवाले अगदी साधे ड्रायव्हर आहेत, छोट्या एम्बेडेड वस्तूंसाठी, कीबोर्डवरची जास्तीची बटणं वगैरे त्यांना कळत नाहीत. कर्नलच्या हेल्पमध्येसुद्धा लिहिलंय की खात्री असेल तरच लावा. एक्सपर्ट मोड (एरवी लपलेले पर्याय दाखवणारा कॉन्फिगमधला पर्याय) चालू असेल आणि यूएसबी_एचआयडी पूर्ण आत घेतलेलं नसेल तेव्हाच ते दिसतात, दिसले तरी दुर्लक्ष करा.

आतल्या कीबोर्डसाठी कॉन्फिग_सेरिओ_आय८०४२, कॉन्फिग_कीबोर्ड_एटीकेबीडी, कॉन्फिग_माउस_पीएस२. एक्स८६ वर (नेहमीच्या इंटेल-एएमडी पीसीवर) एटीकेबीडीचा पर्याय एक्सपर्ट मोडशिवाय दिसतच नाही, तो आपोआप लागलेला असतो, त्यामुळे शोधून सापडला नाही म्हणून घाबरू नका.

आय२सी टचपॅडला एकटा कॉन्फिग_आय२सी_एचआयडी_एसीपीआय पुरत नाही. त्याच्या खाली आय२सी कंट्रोलर लागतो, म्हणजे बहुतेक वेळा आय२सी_डिझाइनवेअर_प्लॅटफॉर्म, इंटेल असेल तर एमएफडी_इंटेल_एलपीएसएस_पीसीआय, आणि वर एचआयडी_मल्टिटच. आणि जो सगळे विसरतात तो म्हणजे पिनकंट्रोल (चिपच्या पिना सांभाळणारा ड्रायव्हर), एएमडीला पिनकंट्रोल_एएमडी, इंटेलला तुमच्या चिपसेटच्या नावाचा. तो नसेल तर टचपॅडचा इंटरप्टच कर्नलपर्यंत पोचत नाही. माझ्या एका मित्राने यावर अख्खा शनिवार घालवला, मल्टिटचला एम (वेगळं मॉड्यूल) चा वाय (कर्नलच्या आत) कर, वाय चा एम कर, आणि शेवटी निघालं काय तर पिनकंट्रोल.

युनिफाइंग रिसीव्हरवाला लॉजिटेक असेल तर एचआयडी_लॉजिटेक_डीजे हवा, आणि एचआयडीरॉ बंद असेल तर तो मेनूत लपून बसतो, म्हणून आधी एचआयडीरॉ चालू करा.

वाय की एम? माझं मत, कीबोर्डच्या साखळीतलं सगळं वाय ठेवा, म्हणजे कर्नलच्या आतच. दोनचारशे केबी वाचवून तुम्ही कुठला महाल बांधणार आहात? माउस, टचपॅड एम चालेल. पण वाय केलं की एक गोष्ट बदलते, ती पुढे पॅरामीटरच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) वेळी सांगते, नाहीतर तिथे आपटाल.

डिस्क एन्क्रिप्ट असेल तर

डिस्कला पासवर्ड असेल तर तो पासवर्ड मागितला जातो तेव्हा खरी रूट डिस्क उघडलेलीच नसते, सगळं इनिटरॅमएफएसमधून (बूट होताना आधी मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसिस्टममधून) चाललेलं असतं. म्हणजे कीबोर्डचा मॉड्यूल डिस्कवर आहे, डिस्क उघडायला पासवर्ड हवा, पासवर्ड टाकायला कीबोर्ड हवा. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. वाय केलं असेल तर प्रश्नच नाही. एम असेल तर डेबियन-उबुंटूवर /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स या फाइलीत मॉड्यूलची नावं एकेका ओळीत लिहा आणि 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' करा. फेडोरावर 'ड्राकट -एफ'. आर्चवर एमकेइनिटसीपीआयओच्या हुक्समध्ये 'कीबोर्ड' हा हुक 'ऑटोडिटेक्ट'च्या आधी ठेवा, नंतर ठेवला तर इमेज बनवताना जो कीबोर्ड लावलेला होता तेवढ्यापुरतंच सामान आत जातं, म्हणजे परत माझ्या हॉलमधल्या एसएसएचसारखीच गोष्ट.

आता भावाचा नवीन कीबोर्ड

आला एकदाचा, दिवे लुकलुकतायत, आवाज असा की शेजारी विचारतील टाइपिंग क्लास काढला का. आणि एफ५ दाबलं तर पान रिफ्रेश होण्याऐवजी भलतंच काहीतरी होतंय, एफ११, एफ१२ ला आवाज कमीजास्त होतोय. भाऊ म्हणाला परत करू. 'एलएसयूएसबी' बघितलं तर आयडी ०५एसी, म्हणजे ॲपलचा. ॲपलचा कीबोर्ड नाहीच हो हा, पण बरेच मेकॅनिकल कीबोर्ड स्वतःला ॲपलचा म्हणून ओळख सांगतात, त्यामुळे कर्नल इमानदारीत त्याला एचआयडी-ॲपल ड्रायव्हर लावतो, आणि त्या ड्रायव्हरच्या हिशोबाने वरची रांग म्हणजे आधी आवाज-ब्राइटनेस, एफएन धरलं तरच एफ१-एफ२.

यावर एफएनमोड नावाचा पॅरामीटर आहे. ० म्हणजे एफएनची भानगडच बंद, १ म्हणजे आधी मीडिया बटणं, २ म्हणजे आधी एफ बटणं, नव्या कर्नलमध्ये ३ म्हणजे ड्रायव्हर स्वतः ठरवतो. आपल्याला २ हवाय. कुठल्याही मॉड्यूलला काय काय पॅरामीटर आहेत ते 'मॉडइन्फो -पी' आणि मॉड्यूलचं नाव टाकून कळतं, हे कायम लक्षात ठेवा.

आधी तात्पुरतं करून बघायचं, फाइल आहे /सिस/मॉड्यूल/एचआयडी_ॲपल/पॅरामीटर्स/एफएनमोड, तिच्यात २ लिहायचं. इथे सगळे एकदा तरी पडतात: 'सुडो एको २' आणि मग मोठ्याचं चिन्ह देऊन फाइल, असं केलं की परमिशन डिनाइड येतं. कारण सुडो फक्त एकोला मिळतो, फाइल उघडायचं काम तुमचा शेल तुमच्याच हक्कात करतो. म्हणून 'एको २', पाइप, 'सुडो टी' आणि फाइलचं नाव. बदल लगेच होतो, रीबूट वगैरे काही नाही, एफ५ दाबा आणि बघा.

जमलं की कायमचं करा. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये .कॉन्फ ने संपणारी एक फाइल बनवा आणि त्यात एकच ओळ, 'ऑप्शन्स एचआयडी_ॲपल एफएनमोड=२'. मग अपडेट-इनिटरॅमएफएस, कारण हा मॉड्यूल बूटच्या सुरुवातीलाच लोड होऊ शकतो आणि तिथे तुमची नवी फाइल नसेल तर जुनंच लागू होतं. मॉड्यूलच्या नावात डॅश की अंडरस्कोर असा गोंधळ झाला तर मॉडप्रोबला (मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांडला) दोन्ही सारखेच.

आणि ती वायवाली गोष्ट: ड्रायव्हर कर्नलच्या आतच घेतला असेल तर मॉडप्रोब.डी त्याला कधी विचारतच नाही, कारण मॉडप्रोब चालतच नाही ना. मग तेच कर्नलच्या कमांड लाइनवर (बूट होताना कर्नलला दिलेल्या सूचनांच्या ओळीत), मॉड्यूलचं नाव, टिंब, पॅरामीटर, म्हणजे 'एचआयडी_ॲपल.एफएनमोड=२'. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये जी कमांडलाइन_लिनक्स_डिफॉल्टची ओळ आहे तिच्या अवतरणात टाकून 'सुडो अपडेट-ग्रब'. एकदाच करून बघायचं असेल तर ग्रबमध्ये ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी टाका, कंट्रोल-एक्स. पुढच्या बूटला गायब, चुकलं तरी काही बिघडत नाही.

माउस

पोलिंग रेटबद्दल फार उत्साह असतो पोरांना. यूएसबीएचआयडीचा माउसपोल पॅरामीटर मिलिसेकंदात आहे, १ म्हणजे सेकंदाला १००० वेळा विचारणा, २ म्हणजे ५००, ४ म्हणजे २५०, ८ म्हणजे १२५. ० म्हणजे माउस स्वतः जे मागतो ते, आणि तेच मुळात ठेवलेलं असतं. गेमिंगचा माउस स्वतःच १ मागतो, त्यामुळे तिथे तुम्ही काही करायची गरज नाही. ऑफिसच्या साध्या माउसला १ करून काय मिळतं ते मला तरी हाताला जाणवलं नाही. बदललात तर माउस काढून परत लावा, त्याशिवाय लागू होत नाही. कीबोर्डसाठी तसाच केबीपोल आहे.

माउस फार जोरात पळतो, हळू पळतो, उलटा स्क्रोल होतो, हे कर्नलचं काम नाही, डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये जा.

जास्त लोकांना छळणारी गोष्ट वेगळी, दोनचार सेकंद हात काढला की माउस झोपतो आणि मग हलवून जागा होत नाही, क्लिक करावं लागतं. हा ड्रायव्हर खराब नाही, यूएसबी ऑटोसस्पेंड आहे. कर्नल स्वतःहून माउसला असं करत नाही, कोणीतरी चालू केलेलं असतं, आणि तो कोणीतरी बहुतेक वेळा बॅटरी वाचवायला चालवलेलं 'पॉवरटॉप --ऑटो-ट्यून' असतं. पॉवरटॉप उघडा, ट्यूनेबल्सच्या टॅबमध्ये माउसच्या ओळीवर एंटर दाबून ते गुडचं बॅड करा. हो, बॅडच करायचंय, पॉवरटॉपला फक्त बॅटरी दिसते. हाताने करायचं तर /सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस/ मध्ये माउसच्या फोल्डरात पॉवर/कंट्रोल नावाची फाइल आहे, तिच्यात 'ऑटो'च्या जागी 'ऑन'. सगळ्या यूएसबीसाठी बंद करायचं तर कमांड लाइनवर 'यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१', पण लॅपटॉपवर हे नका करू, एका माउसपायी सगळ्यांची बॅटरी का जाळायची.

झोपून उठल्यावर लॅपटॉपचा कीबोर्ड गेला

झाकण बंद केलं, उघडलं, आतला कीबोर्ड किंवा टचपॅड मेला, ही ८०४२ बाबूची जुनी खोड. टचपॅड पीएसमाउसवर असेल तर आधी सोपा उपाय, 'सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाउस' आणि मग 'सुडो मॉडप्रोब पीएसमाउस', म्हणजे ड्रायव्हर काढून परत बसवणं. कीबोर्ड असेल तर कमांड लाइनवर एकेक करून बघा: 'आय८०४२.रीसेट', मग 'आय८०४२.नोमक्स', मग 'आय८०४२.नोपीएनपी'. रीसेट कंट्रोलरला दणका देऊन परत सुरू करतो, नोमक्स म्हणजे कंट्रोलरला एकापेक्षा जास्त माउस सांभाळता येतात का हे तपासतच बसू नको, नोपीएनपी म्हणजे फर्मवेअर जे सांगतंय त्यावर विश्वास न ठेवता स्वतः बघ. नेटवर कुणीतरी पाचसहा एकत्र दिलेले सापडतील, तसे टाकू नका, चाललं तर कशाने चाललं ते कळत नाही आणि पुढच्या कर्नलला बिघडलं की कुठून सुरुवात करायची तेही कळत नाही. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या संदेशांत) आय८०४२ शोधलं आणि 'नो कंट्रोलर फाउंड' आलं तर तुमच्या मशीनला पीएस/२ (कीबोर्ड-माउसची जुन्या पद्धतीची जोडणी) नसेलच, डेस्कटॉपवर हे अगदी नॉर्मल आहे.

एखादं बटण बदलायचं असेल तर

आमची आई इनस्क्रिप्टने मराठी टाइप करते आणि तिचा हात सारखा कॅप्स लॉकवर पडतो, म्हणून त्या बटणाचा डावा कंट्रोल करायचा होता. आधी हे सांगते की क दाबला की कर्नलला क कळत नाही, त्याला फक्त ३७ नंबरचं बटण कळतं, ज्याच्यावर के छापलंय. ३७ चा क करायचं काम वरचा लेआउट करतो. म्हणून मराठी नीट उमटत नाही म्हणून ड्रायव्हर शोधत असाल तर चुकीच्या खोलीत आहात. पण बटणाचा नंबरच बदलायचा असेल, म्हणजे सगळ्या लेआउटमध्ये, टर्मिनलमध्ये, सगळीकडे, तर ते युडेव्हच्या (डिव्हाइस लावल्यावर त्याच्या सेटिंग लावणाऱ्या सेवेच्या) एचडब्ल्यूडीबीने, म्हणजे हार्डवेअरच्या यादीने होतं, कर्नल परत कंपाइल करावा लागत नाही.

इव्हटेस्टमध्ये कॅप्स लॉक दाबा, एमएससी_स्कॅन समोर यूएसबी कीबोर्डला ७००३९ येतं. आता /ईटीसी/युडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी/ मध्ये ९०-आईचा-कीबोर्ड.एचडब्ल्यूडीबी अशी काहीतरी फाइल बनवा. पहिल्या ओळीत कुठला कीबोर्ड ते, म्हणजे 'इव्हडेव्ह:इनपुट:' पुढे बी०००३ (यूएसबी), मग व्ही आणि व्हेंडर आयडी, पी आणि प्रॉडक्ट आयडी, शेवटी तारा. आयडीतली अक्षरं कॅपिटल. दुसऱ्या ओळीत 'कीबोर्ड_की_७००३९=लेफ्टकंट्रोल', यात उजवीकडचं नाव स्मॉलमध्ये आणि कंट्रोलचं स्पेलिंग कर्नलवालं चार अक्षरी. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस हवीच, ती नसेल तर ओळ लागू होत नाही आणि तुम्ही तासभर आयडी तपासत बसता (विचारा मला). मग 'सुडो सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट', त्यानंतर 'सुडो युडेव्हॲडम ट्रिगर', आणि परत इव्हटेस्ट उघडून तेच बटण दाबा, आता तिथे कॅप्स लॉकऐवजी डावा कंट्रोल दिसायला हवा. आईला काही सांगितलं नाही, तिने चार दिवसांनी विचारलं की तो कॅप्सचा दिवा लागत कसा नाही, बिघडला का कीबोर्ड.